माझगावला ओटी भरायला निघण्याआधी

"चीनची समुद्रदेवी मुळात आपलीच!" असा मथळा आणि खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग, असा एक निरोप सध्या फिरतोय. माझ्याकडे तो आला तेव्हा मी न वाचता खोडून टाकला. मग तो मावशीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर पोचला आणि तिचा फोन आला. "अरे, माझगावात आपल्या देवीचं देऊळ चिनी लोकांनी दाबून ठेवलंय म्हणे. मंगळवारी आम्ही सगळ्याजणी ओटी भरायला जाणार आहोत. तू जरा गाडीचं बघ." गाडीचं बघण्याआधी हे लिहिणं भाग आहे.

निरोप लांबलचक आहे, पण त्यातला ऐवज एवढाच: जगात पाच हजार देवळं असलेली 'माझू' म्हणजे चोळांच्या आरमाराने चीनला नेलेली आपली तारादेवी. २००९ मध्ये युनेस्कोने हे मान्य केलं. 'झेंग हे' नावाच्या चिनी दर्यासारंगाने तिची मूळ मूर्ती कालिकतहून पळवली. चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावमधलं तिचं देऊळ म्हणजे पोर्तुगीजांनी गोव्याहून नेलेली शांतादुर्गा. तैवानमधली तिची पालखी ही पंढरीच्या वारीची नक्कल. मुंबईत माझगावला तिचं देऊळ चिन्यांच्या ताब्यात. आणि शेवटी, ही सगळी देवळं म्हणजे चीनची हेरकेंद्रं, तेव्हा जागे व्हा.

म्हणजे देवळं आपली आहेत आणि हेर त्यांचे. लिहिणाऱ्याला स्वतःचाच निरोप शेवटपर्यंत वाचायचा कंटाळा आला असावा.

युनेस्कोपासून सुरुवात करतो, कारण 'युनेस्कोने मान्य केलं' म्हटलं की आपल्याकडे पुढे कोणी काही विचारत नाही. २००९ साली युनेस्कोने माझूची श्रद्धा आणि तिच्याशी निगडित चालीरीती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतल्या, इतकं खरं आहे. ती नोंद चीनच्या नावावर आहे. तिचा मजकूर जेमतेम परिच्छेदभर असून कोणालाही वाचता येतो. त्यात म्हटलंय की माझू दहाव्या शतकात मेइजोऊ बेटावर राहत होती असं मानतात. ती गावकऱ्यांच्या मदतीला धावायची. फुटलेल्या जहाजावरच्या लोकांना वाचवताना ती गेली. मग लोकांनी तिचं देऊळ बांधलं आणि तिला देवी मानू लागले. जगभरातल्या पाच हजार देवळांचा उल्लेखही त्याच मजकुरात आहे, आणि निरोपातला आकडा बहुधा तिथूनच उचललाय. आकडा उचलताना वरची चार वाक्यं दिसली नाहीत? त्यात तारा नाही, चोळ नाहीत, भारत नाही. ज्याचा दाखला दिला, त्याच कागदावर निरोपातला पहिला दावा निकालात निघतो.

मेइजोऊ हे फुजिआन प्रांताच्या किनाऱ्यावरचं, पुतिआनजवळचं छोटं बेट. परंपरा सांगते की लिन घराण्यातली ही मुलगी ९६० साली जन्मली, महिनाभर रडलीच नाही म्हणून तिचं नाव 'मो', म्हणजे मुकी, ठेवलं आणि ९८७ मध्ये ती गेली. सगळ्यात प्रसिद्ध कथा अशी: ती घरात मागावर बसली असताना तिची समाधी लागली. त्या अवस्थेत ती वादळात सापडलेल्या वडिलांना आणि भावांना ओढून काढत होती. आईने हाक मारून जागं केलं आणि एकजण हातातून सुटला. कथा आहे, खरीखोटी करायची गरज नाही. पण ११५० सालचा शिलालेख कथेत मोडत नाही. मेइजोऊजवळच्या एका देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा लियाव पंगफेइ नावाच्या विद्वानाने तो लिहिला. त्यात देवीचं वर्णन राजकन्या किंवा अवतार असं नाही. मेइजोऊची लिन आडनावाची बाई, अंगात यायचं, लोकांचं बरंवाईट आधी सांगायची, एवढंच आहे. आपल्या कोकणात अशी बाई कोणत्याही वाडीत सापडेल, आणि तिच्या माघारी तिची घुमटीही.

पुढचा प्रवास सरकारी बढत्यांचा आहे. ११२३ मध्ये चीनच्या सोंग घराण्याच्या दरबाराचं शिष्टमंडळ कोरियाला जाताना वादळातून वाचलं, त्याचं श्रेय हिला मिळालं आणि देवळाला बादशाही पाटी आली. चीन जिंकणाऱ्या मंगोल कुब्लाई खानाच्या दरबाराने तिला 'तिआनफेइ', म्हणजे स्वर्गाची राणीसाहेब केलं. १६८४ मध्ये, तैवान जिंकल्यावर, छिंग बादशहाने 'तिआनहोऊ', स्वर्गाची सम्राज्ञी केलं. आणि चोळ? राजेंद्र चोळाची प्रसिद्ध स्वारी १०२५ची आणि ती श्रीविजयावर, म्हणजे सुमात्रा आणि मलाया बाजूला. चीनला चोळांनी पाठवले ते वकील, नजराणे घेऊन. पहिला १०१५ मध्ये. आरमार पाठवल्याची नोंद ना त्यांच्याकडे आहे, ना आपल्याकडे.

एक गोष्ट द्यायलाच हवी. माझूच्या कथेत भारताचा धागा अगदीच नाही असं नाही. तिच्या आईने मुलासाठी क्वान यिनला साकडं घातलं असं सांगतात, आणि पुष्कळ भक्त माझूला क्वान यिनचाच अवतार मानतात. क्वान यिन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व, बौद्ध धर्माबरोबर चीनला गेला आणि तिथे हळूहळू स्त्रीरूपात पुजला जाऊ लागला. कान्हेरी आणि अजिंठ्याला बोटी बुडताना धावून येणारा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. तो धागा खरा आहे. पण भिक्षूंनी ग्रंथांतून आणि मूर्तींतून नेलेला, शतकानुशतकं झिरपलेला विचार वेगळा आणि 'आपली मूर्ती नेऊन बसवली' हे वेगळं. निरोपवाल्याला दुसरं हवंय, कारण त्यात जहाजं आणि तलवारी आहेत.

आता पाच हजार देवळं. ही बांधली कोणी हे पाहिलं की चोळ आपोआप बाजूला होतात. फुजिआन, ग्वांगडोंग आणि हायनानचे खलाशी, हमाल, व्यापारी, मजूर जिथे उतरले तिथे त्यांनी आधी हिची जागा केली, कारण जिवंत उतरलो याचे आभार तिला द्यायचे होते. सिंगापूरचं थिआन हॉक केंग देऊळ तलोक आयेर रस्त्यावर आहे. १८३९ ते १८४२ दरम्यान होक्किएन, म्हणजे फुजिआनी, लोकांनी वर्गणी काढून बांधलं, तेव्हा समुद्र समोरच होता; पुढे भराव घालत गेले आणि आता देऊळ उंच इमारतींच्या मागे अडकलंय. त्याच रस्त्यावर थोड्या अंतरावर तमिळ मुसलमानांनी त्याआधी बांधलेला नागोर दर्गा आहे. उतरणारे सगळे तिथेच उतरत, म्हणून नवसही तिथेच फेडत. सान फ्रान्सिस्कोला वेव्हर्ली प्लेसवर जिने चढून वरच्या मजल्यावर तिचं देऊळ आहे, सोन्यासाठी आलेल्या कॅन्टनी लोकांनी सुरू केलेलं. हो ची मिन्ह शहरातलं चोलॉनचं देऊळ अठराव्या शतकातलं, तेही कॅन्टनी लोकांचं. मेलबर्नजवळ फुट्सक्रेला नदीकाठी तिचा सोनेरी पुतळा उभा आहे. क्वालालंपूरचं भव्य देऊळ हायनानी मंडळाने १९८० च्या दशकात बांधलं, सिमेंट काँक्रीटचं. यातलं कोणतं चोळांनी बांधलं, ते निरोपवाल्याने नकाशावर दाखवावं.

नागासाकीची रीत मला फार आवडते. सतराव्या शतकात चिनी जहाज बंदराला लागलं की जहाजावरची माझूची मूर्ती वाजतगाजत उतरवून गावातल्या चिनी देवळात ठेवायची. माल विकून जहाज निघालं की परत न्यायची. जहाजाचा मुक्काम असेपर्यंत देवीचाही मुक्काम. सोफुकुजीसारखी ती देवळं बांधण्यामागे आणखी एक कारण होतं. जपानात तेव्हा ख्रिस्ती धर्मावर बंदी होती आणि आपण ख्रिस्ती नाही हे चिनी व्यापाऱ्यांना दाखवून द्यायचं होतं. देऊळ म्हणजे भक्ती असतेच, पण परमुलखात ते ओळखपत्रही असतं.

झेंग हेचा दावा पटकन उरकतो. १४०५ पासून त्याने मोहिमा काढल्या, कालिकत आणि कोचीनला आला, हे बरोबर. पण तोवर माझूला कुब्लाईच्या दरबाराचा किताब मिळून शंभरहून जास्त वर्षं झाली होती. पहिल्या मोहिमेला निघण्याआधी जी देवी होती, ती मोहिमेतून पळवून कशी आणणार? १४३१ मध्ये त्याने फुजिआनमधल्या 'चांगल' गावी एक शिला उभारली. वादळात देवीचं नाव घेतलं की डोलकाठीच्या टोकाला दिव्य दिवा दिसायचा आणि खलाशी निर्धास्त व्हायचे, असं त्यावर कोरलंय. कालिकतचा उल्लेख आहे, तो आपण गेलेल्या देशांमध्ये. बाकी हा माणूस जन्माने मुसलमान, आणि श्रीलंकेत गॉलला त्याने ठेवलेल्या शिळेवर चिनी मजकूर बुद्धाला, तमिळ मजकूर विष्णूच्या रूपाला आणि फारसी मजकूर अल्लाला अर्पण केलेला आहे. ज्याला मूर्ती पळवायच्यात तो असा तीन ठिकाणी नैवेद्य दाखवत फिरत नाही.

आता शांतादुर्गा. हा दावा वाचून मी आधी हसलो आणि मग चिडलो, कारण हे मराठीत लिहिलेलं आहे, मराठी-कोकणी माणसाने लिहिलेलं आहे, आणि त्याला शांतादुर्गेचा इतिहास ठाऊक नाही किंवा ठाऊक असून तो विकायचाय.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात देवळांचं काय केलं? १५४० मध्ये तिसवाडीतली देवळं पाडायला घेतली, मग साष्टी-बारदेशात तेच झालं, १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं. केळशीची शांतादुर्गा तिच्या महाजनांनी जिवावर उदार होऊन नदीपार अंत्रूजला, म्हणजे आजच्या फोंडा भागात, कवळ्याला नेली, जिथे तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं. मंगेश कुठ्ठाळीहून तसाच निघाला आणि प्रियोळला स्थिरावला. कवळ्याचं आजचं देऊळ अठराव्या शतकात, शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने उभं राहिलं. साष्टीकरांच्या घराघरात ही हकिकत आजीकडून नातवाकडे आलेली आहे. आणि हा निरोप काय सांगतो? की ज्यांच्या भीतीने देवी हलवावी लागली त्यांनीच ती सन्मानाने जहाजात घालून मकावला नेली आणि देऊळ बांधून दिलं! ज्या लोकांनी पालखी डोक्यावर घेऊन रात्रीत नदी ओलांडली त्यांचं कर्तृत्व एका ओळीत पुसून टाकलं, तेही 'अभिमान बाळगा' असं म्हणत.

मकावचं आ-मा देऊळ परंपरेने १४८८ सालचं सांगतात. काही अभ्यासक इतकं मागे जात नाहीत. तिथे मिंग बादशहा वानलीच्या काळातला, साधारण १६०५चा लेख आहे आणि त्यात बांधणारे म्हणून चिनी व्यापाऱ्यांचा उल्लेख आहे. कोणतीही तारीख घ्या, पाद्री किंवा पोर्तुगीज सरदार त्यात नाहीत. डोंगराच्या उतारावर कपारींतून चढत गेलेलं देऊळ, दारातल्या खडकावर शिडाचं जहाज कोरलेलं. फुजिआनी खलाशांची सही याहून स्पष्ट काय असणार? यात खरा तपशील एकच, आणि तोही कुणीतरी अर्धवट ऐकलेला: मकाव १८४४ पर्यंत कागदोपत्री गोव्याच्या हाताखाली होतं. हुकूम गोव्याहून जायचे. देव जात नव्हते. देवांची सरमिसळ होतच नाही असंही नाही. फिलिपिन्समध्ये तालजवळ कायसासायची मेरी आहे, १६०३ मध्ये कोळ्याच्या जाळ्यात सापडलेली छोटी मूर्ती. तिथले चिनी लोक तिलाच माझू मानून उदबत्त्या लावतात. पण ती सरमिसळ भक्तांनी केलेली आहे, आरमाराने नाही.

आणि माझगाव. मावशी, नीट वाच.

माझगावला डॉकयार्ड रोड स्टेशनपासून जवळ 'सी यिप कून' नावाचं चिनी देऊळ आहे, १९१९चं. ग्वांगडोंगच्या चार तालुक्यांतून आलेल्या, बोटींवर आणि गोदीत काम करणाऱ्या कॅन्टनी लोकांचं. बाहेरून पाहिलंत तर जुनं राहतं घर वाटेल. त्यातला मुख्य देव माझू नाही. तो ग्वान गोंग, तिसऱ्या शतकातला सेनापती, लाल चेहरा आणि छातीपर्यंत दाढी. इमारतीत क्वान यिनही आहे, पण निरोपात ज्या देवीचं नाव आहे ती तिथली मानकरी नव्हे. म्हणजे तुमचं अख्खं भजनी मंडळ खण-नारळ घेऊन एका दाढीवाल्या लढवय्याची ओटी भरणार. त्याला वाईट वाटणार नाही बहुधा. इमान आणि दिलेल्या शब्दाचा देव आहे तो.

इथवर गंमत. पुढे नाही. 'आपलं देऊळ चिन्यांनी दाबलंय' या वाक्यातले 'चिनी' कोण? मुंबईत आता उरलेली मोजकी कुटुंबं, ज्यांच्या दोन-तीन पिढ्या इथेच जन्मल्या, ज्यांच्या आजोबांनी दातांचे दवाखाने, चपलांची दुकानं, हॉटेलं चालवली, आणि जे आपल्याहून चांगली बंबैया हिंदी बोलतात. १९६२च्या युद्धात सरकारने चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना, बायका-पोरांसकट, राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. बहुतेक आसाम-बंगालमधले. खटला नाही, गुन्हा नाही. काहीजण तिथे चार-साडेचार वर्षं राहिले, आणि परत आले तेव्हा घरं-दुकानं लिलावात गेलेली. कित्येक कुटुंबं त्यानंतर कॅनडाला निघून गेली. जी राहिली त्यांच्या दारात उद्या एक जमाव 'आमची देवी परत द्या' म्हणत उभा राहिला, तर त्यांना काय आठवेल? निरोप लिहिणाऱ्याने देवळाचा पत्ता दिलाय. स्टेशनपासून कसं जायचं तेही दिलंय. बाकी सगळे दावे अडाणीपणाचे म्हणून सोडून देता येतील, हा नाही. हा निरोप तुम्ही ज्या ज्या ग्रुपवर टाकलात तिथून आधी हा भाग काढा.

जायचंच असेल तर चिनी नववर्षाला जा, देऊळ सगळ्यांना उघडं असतं. चपला बाहेर काढायच्या आणि 'आमचं' म्हणायचं नाही.

वारीची नक्कल म्हणे. तैवानमध्ये ताजिया गावच्या देवळातली माझू दरवर्षी तिच्या जन्मतिथीच्या आसपास निघते, नऊ दिवस आठ रात्री, तीनशेवर किलोमीटर, लाखो माणसं पायी. वाटेतली गावं फुकट जेवू घालतात, लोक रस्त्यावर पालथे झोपतात आणि पालखी त्यांच्यावरून जाते. निघायचा मुहूर्त देवीसमोर लाकडाचे दोन चंद्रकोरी तुकडे टाकून ठरतो, थेट कोकणातल्या कौलासारखा. पायशातुन या दुसऱ्या गावच्या पालखीचा तर मार्गही ठरलेला नसतो. पालखी जिकडे ओढ घेईल तिकडे गर्दी वळते. वारी केलेल्या माणसाला तिथे परकं वाटणार नाही हे मान्य. पण देव खांद्यावर घेऊन चालायची बुद्धी एकाच गावाला सुचते असं कोणी ठरवलं?

हेरकेंद्रांच्या दाव्यात मात्र अर्धं खरं आहे, आणि ते कबूल करताना मला आनंद होत नाही. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत ज्या चिनी कम्युनिस्टांच्या राज्यात मेइजोऊचं मूळ देऊळ जमीनदोस्त झालं, तेच आता माझूला 'दोन्ही किनाऱ्यांची शांतिदेवी' म्हणून मिरवतात. १९८७ मध्ये, तैवानी लोकांना चीनला जायची बंदी असतानाच, ताजियाचे भक्त जपानमार्गे मेइजोऊला पोचले; १९९७ मध्ये मेइजोऊची मूर्ती शंभर दिवस तैवानभर फिरवली. बीजिंगला यातून तैवानचं मन वळवायचंय हे तैवानात सगळे जाणतात, आणि देवळांच्या विश्वस्तांचे राजकीय लागेबांधे हा तिथे रोजच्या भांडणाचा विषय आहे. एवढं खरं. यावरून फुट्सक्रे किंवा चोलॉनचं देऊळ हेरकेंद्र ठरत नाही. तैवानच्या ताब्यात चीनच्या किनाऱ्याला खेटून एक बेटांचा पुंजका आहे, मात्सू, देवीच्याच नावाचा. तिथे डोंगरावर तिचा प्रचंड पुतळा आहे, आणि शीतयुद्धात त्याच बेटांवरच्या तोफांची तोंडं चीनकडे होती. देवी दोन्हीकडच्या खलाशांची आहे, त्यामुळे दोन्हीकडचे पुढारी तिच्या पदराला लोंबकळतात. आपल्याला हे नवीन नसावं.

राहता राहिली चीनमधल्या भारतीय देवळाची हौस. तर ते होतं. फुजिआनमधल्याच च्वानजोऊ बंदरात, जिथे ११९६ सालचं माझूचं मोठं देऊळ आजही आहे, तिथे तमिळ व्यापाऱ्यांनी शिवाचं देऊळ बांधलं होतं. १२८१चा तमिळ शिलालेख सापडलाय. ते देऊळ आता नाही, पण त्याचे खांब गावातल्या कायुआन विहाराच्या मागच्या बाजूला बसवलेले आहेत, त्यांवर कृष्ण आहे, नरसिंह आहे. माझूला 'तिआनफेइ' किताब मिळाला तोही याच सुमाराचा. म्हणजे एकाच बंदरात, एकाच वेळी, तिला बादशाही मान मिळत होता आणि पलीकडे तमिळ लोक शिवाला अभिषेक करत होते, कोणी कोणाचं काही न पळवता. फोटो मिळतात, पुस्तकांत आहेत, मावशीच्या ग्रुपवर मी पाठवलेसुद्धा. पण तो शिलालेख मंगोल खानाच्या कल्याणासाठी देवाची स्थापना केल्याचं सांगतो, त्यामुळे तो पुढे कोणी ढकलेल असं वाटत नाही.